डावा बूट

मागच्या हबवर ठोकलंय: ७४ ९.
म्हणजे चौऱ्याहत्तरचा सप्टेंबर. मी सात महिन्यांची,
आणि आईनं टेलिफोन एक्स्चेंजच्या तीन पगारांतून
ही हिरवी, बुटक्या चाकांची सायकल घेतली.

पोर्ट चाल्मर्सला सपाट रस्ता असा नाहीच.
दारातून पाऊल टाकलं की उतार,
उतार संपला की गोदी, गोदी संपली की समुद्र.
चाकांच्या रिमा क्रोमच्या. कोरड्या दिवशी ठीक.
ओल्या दिवशी ब्रेक दाबणं म्हणजे अर्ज करणं;
मंजुरी येईपर्यंत गोदीचं फाटक आलेलं असायचं.

म्हणून आई डावा पाय खाली सोडायची.
खर्रर्र... बुटाचा तळ डांबरावर.
त्या आवाजावरून शेजारणी घड्याळ लावायच्या:
एफी निघाली, म्हणजे पावणेदहा, रात्रपाळी.
वर्षाला एक डावा बूट संपायचा.
उजवे मात्र कपाटात ओळीनं,
कोरे, जोडीदार गेलेले.

यंदा जूनमध्ये तिचा खुबा बदलला. टायटॅनियम.
शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य:
"मला बदललंत ना, आता तिलाही बदला."

कॉटर पिन तीन दिवस हलली नाही.
रॉकेल, हातोडा, आणि शेवटी एक शब्द
जो आईच्या घरात चालत नाही.
मग सुटली,
जणू त्या शब्दाचीच वाट बघत होती.

आत आटे सव्वीसचे. जग चोवीसवर चालतं.
तामाती म्हणाला, जगाला कशाला त्रास द्यायचा?
आणि गोदीतून निवृत्त झालेल्या आपल्या लेथवर
एक पितळी बाही कातून दिली.
मोबदल्यात प्लमच्या जॅमच्या दोन बाटल्या.
हँडलच्या मानेतली नायलॉनची बांगडी
बोटांत धरताच तुटली;
तिथे आता खऱ्या छऱ्यांचं बेअरिंग आहे.
अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा आल्या, अठ्ठावीस भोकांच्या,
शोधायला नऊ आठवडे लागले.
स्वयंपाकाच्या टेबलावर मी आरे विणले,
दोनदा चुकले, दोनदा उसवले,
बाहेर दक्षिणेचा वारा पत्रे वाजवत होता.

हबला मात्र हात लावू द्यायला आई तयार नव्हती.
"त्यात फक्त तेल घाल. त्याचं पोट उघडू नकोस."
तीन गिअर, आणि चालताना ती टिक् टिक् टिक्,
ज्या आवाजात मी, म्हणे, मागच्या टोपलीत झोपायची.

सतरा किलोची तेरा झाली.
हलकं होणं म्हणजे दरवेळी सुधारणाच असं नाही,
हे मी जूनमध्येच शिकले होते,
आईला पलंगावरून खुर्चीत बसवताना.

काढलेलं सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय.
पिन, बांगडी, गंजके आरे, ब्रेकचे दगड झालेले रबर.
डबा हलवला तर अजून
कुठेतरी जायला निघाल्यासारखा वाजतो.

नोव्हेंबर. डॉक्टरांनी हो म्हटलं,
म्हणजे नाही म्हणायचं विसरले.
आई दांडा ओलांडून बसली. या सायकलचा दांडा
असतोच घोट्याएवढ्या उंचीवर, म्हातारपणाची सोय पाहून.
रस्ता नुकताच ओला झालेला.
मी खाली फाटकापाशी उभी, तामाती माझ्या शेजारी,
दोघंही हात खिशात घालून, काही विशेष नाही असं दाखवत.

ती वळणावर दिसली. टिक् टिक् टिक्.
दोन बोटांनी ब्रेक दाबला
आणि सायकल थांबली. नुसती थांबली.
अर्ज नाही, मंजुरी नाही,
फाटकापासून चांगली दहा पावलं अलीकडे.

आणि तरी थांबण्याच्या जरा आधी
डावा पाय खाली आलाच.
खर्रर्र... अगदी थोडासा,
जसं कुणी रिकाम्या घरात शिरतानाही
दार वाजवून शिरतं.

आईनं बूट उलटा करून पाहिला.
"हेही बदलता येतं का गं?" म्हणाली.
तामाती म्हणाला, "त्याचे आटे कुठले आहेत ते आधी कळायला हवं, एफी."
ती हसत हसत परत चढावाला लागली,
गिअर पहिला,
आणि वरपर्यंत उतरली नाही.